रानात मुरलेली माणसं : वनसेवेतला अनुभव म्हणजे नेमकं काय?



"मोठेपणी काय व्हायचंय?" असं वर्गात विचारलं की हात भराभर वर होतात. डॉक्टर, इंजिनिअर, पोलीस, तलाठी, शिक्षक. आपला भाग केळीचा, त्यामुळे "शेतीच करणार, पण नव्या पद्धतीनं" असं सांगणारेही दोन-चार जण असतात. "वनरक्षक होणार" किंवा "वनाधिकारी होणार" असं मात्र क्वचितच कुणी म्हणतं. यात तुमचा दोष नाही. जे डोळ्यांसमोर असतं तेच माणसाला सुचतं. अर्धापूरच्या आसपास चार दिशांना बघा. केळीच्या बागा, ऊस, हळद, सोयाबीन दिसेल, पण जंगल दिसणार नाही.

तरी जंगल आपल्यापासून फार लांब नाही. आपल्याच नांदेड जिल्ह्याच्या टोकाला किनवट-माहूरचं सागाचं रान आहे. यवतमाळ आणि नांदेड जिल्ह्यांच्या सीमेवर पैनगंगा अभयारण्य आहे. इसापूर धरण ज्या नदीवर बांधलंय, ती पैनगंगा पुढे याच रानातून वाहते. शेजारच्या लातूर जिल्ह्यात तर वनक्षेत्र एक टक्काही भरत नाही. देशाच्या १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीनं एक तृतीयांश जमीन वनाच्छादित असावी असं ध्येय ठरवलं होतं. त्यापासून आपण किती लांब आहोत, बघा!

म्हणजे जंगल कमी असलेल्या आपल्या भागाला जंगल राखणाऱ्या माणसांची जास्त गरज आहे. आजच्या पाठात आपण या माणसांची ओळख करून घेऊ. त्यांचं काम काय असतं, त्या कामातला 'अनुभव' कसा तयार होतो, आणि माणूस निवृत्त झाला की त्या अनुभवाचं पुढे काय होतं, हे समजून घेऊ.

वनखात्याची शिडी

आधी पदांची ओळख करून घेऊ, म्हणजे पुढचं सोपं जाईल.

सर्वांत खाली, पण जंगलाच्या सर्वांत जवळ असतो तो वनरक्षक. त्याच्याकडे जंगलाचा ठरावीक तुकडा सोपवलेला असतो. त्याला 'नियतक्षेत्र' म्हणतात. बोलताना सगळे 'बीट'च म्हणतात. अशी काही बीट मिळून एक परिमंडळ होतं. त्याची जबाबदारी वनपालाकडे असते. अनेक परिमंडळांचं मिळून वनपरिक्षेत्र, म्हणजे 'रेंज'. तिथला प्रमुख वनपरिक्षेत्र अधिकारी. गावाकडे त्यालाच 'रेंजरसाहेब' म्हणतात. त्याच्या वर सहायक वनसंरक्षक, उपवनसंरक्षक, वनसंरक्षक, मुख्य वनसंरक्षक अशी शिडी चढत जाते. राज्याच्या वनखात्याचे प्रमुख म्हणजे प्रधान मुख्य वनसंरक्षक.

शिडीच्या वरच्या पायरीवर फाइली जास्त असतात आणि खालच्या पायरीवर पायपीट. दोन्ही लागतात. पण एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा : वरच्या टेबलावर येणारी बहुतेक माहिती खालच्या पायांनी गोळा केलेली असते.

अनुभव म्हणजे वय नाही

"यांना तीस वर्षांचा अनुभव आहे" असं आपण सहज म्हणून जातो. पण तीस वर्षं नोकरी करणं आणि तीस वर्षं शिकत राहणं यात फरक आहे. किनवटसारख्या रानातलंच एक उदाहरण घेऊ.

साग उन्हाळ्याच्या तोंडाशी पानं गाळतो. रानात घोट्याएवढा वाळलेला पाचोळा साचतो. फेब्रुवारी ते जून हे वणव्याचे दिवस. पुस्तक सांगतं, 'जाळरेषा काढा.' जाळरेषा म्हणजे जंगलात ठरावीक रुंदीचा पट्टा आधीच साफ करून किंवा जाळून ठेवायचा. आग तिथवर आली की तिला पुढे जाळायला काही उरत नाही. हे झालं शिक्षण.

आता अनुभव काय सांगतो? तो विचारतो, आग लागते कशी? मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं पडतात. पहाटे फुलं वेचायची, तर ती पाचोळ्यात दिसत नाहीत. म्हणून झाडाखालचा पाला पेटवून जागा मोकळी करायची पद्धत अनेक ठिकाणी आहे. वेचणाऱ्याला जंगल जाळायचं नसतं. त्याला फुलं हवी असतात, कारण त्यावर घरातलं मीठ-मिरची चालते. पण दुपारी वारा सुटला, की झाडाखालची ती आग अख्ख्या टेकडीवर चढते.

नवखा वनरक्षक आग लागल्यावर धावत सुटतो. मुरलेला वनरक्षक फुलं पडायच्या आधीच गावात जातो. कोणत्या घराचं कोणतं मोहाचं झाड हे त्याला ठाऊक असतं. "मामा, यंदा पाला पेटवू नका, झाडून काढू. आपण दोघं मिळून झाडू," असं तो सांगतो आणि खरंच झाडू हातात घेतो. त्या वर्षी त्या टेकडीवर आग लागत नाही. कोणत्याही कागदावर 'न लागलेली आग' अशी नोंद होत नसते. म्हणूनच या लोकांचं चांगलं काम पुष्कळदा कुणाला दिसतच नाही.

किनवट-माहूर भागात गोंड, कोलाम, आंध, बंजारा असे वेगवेगळे समाज राहतात. पलीकडे तेलंगणाची हद्द आहे. मराठीबरोबर गोंडी, कोलामी, तेलुगू, बंजारा बोली कानावर पडते. इथं काम करणाऱ्याला दोन शब्द त्या बोलीतले आले, तर जंगलाची निम्मी दारं आपोआप उघडतात. हेही कोणत्या परीक्षेत विचारत नाहीत!

छत्तीस वर्षांची शाळा : मारुती चितमपल्ली

महाराष्ट्रात वनसेवेतल्या अनुभवाचं सर्वांत मोठं उदाहरण म्हणजे मारुती चितमपल्ली. त्यांचं नाव तुम्ही मराठीच्या पुस्तकात वाचलं असेल. पण ते आधी वनाधिकारी होते आणि लेखक त्यातून घडले, हे लक्षात घ्या.

त्यांचा जन्म ५ नोव्हेंबर १९३२ ला सोलापूरला झाला. सोलापूर म्हणजे गिरण्यांचं, हातमागाचं, कोरड्या माळाचं शहर. घनदाट जंगल तिथंही नव्हतं, अगदी आपल्यासारखंच. पुढे १९५८ ते १९६० या काळात त्यांनी कोइमतूरच्या फॉरेस्ट कॉलेजात वनशास्त्राचं शिक्षण घेतलं आणि वनखात्यात दाखल झाले. सुमारे ३६ वर्षं त्यांचा या क्षेत्राशी संबंध राहिला. कर्नाळा, नवेगाव बांध, नागझिरा, मेळघाट ही त्यांच्या कामाची मुख्य ठिकाणं. मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचे ते उपसंचालक होते. १९९० मध्ये ते निवृत्त झाले.

त्यांनी शिकण्यासाठी काय केलं, ते आपल्याला महत्त्वाचं. त्यांचं औपचारिक शिक्षण दोन वर्षांत संपलं, पण रानातलं शिक्षण कधी संपलंच नाही. गोंड, माडिया, कोरकू, तलावावर मासे धरणारे केवट, फासे लावणारे पारधी, ही त्यांची गुरुमंडळी. पक्ष्याला स्थानिक लोक काय म्हणतात, झाडाचा उपयोग काय सांगतात, माशाची वीण कधी होते, हे ते विचारायचे, स्वतः जाऊन पाहायचे आणि टिपून ठेवायचे. जुन्या ग्रंथांत प्राणी-पक्ष्यांबद्दल काय लिहिलंय ते समजावं म्हणून त्यांनी संस्कृतचा अभ्यास केला. हंसदेवाच्या 'मृगपक्षिशास्त्र' या जुन्या संस्कृत ग्रंथाच्या मराठी अनुवादातही त्यांचा वाटा आहे.

यातून काय झालं? 'पक्षी जाय दिगंतरा', 'जंगलाचं देणं', 'रानवाटा', 'रातवा' अशी पुस्तकं आली. 'चकवाचांदण' हे आत्मकथन आलं. 'पक्षिकोश' आला. मराठीला नवे शब्दही मिळाले. कावळ्यांची वस्ती ते काकागार. बगळे-करकोचे एकत्र घरटी बांधतात ती जागा सारंगागार. हे शब्द ऐकल्याबरोबर कळतात, नाही का? ज्याला शब्द नसतो ती गोष्ट आपल्याला दिसतही नाही. गावच्या तळ्याकाठच्या बाभळीवर बगळ्यांची गर्दी तुम्ही शंभरदा पाहिली असेल. आता तिला नाव मिळालं, आता तुम्ही थांबून बघाल.

२००६ मध्ये सोलापूरला भरलेल्या ७९ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी १८ जूनला सोलापुरातच त्यांचं निधन झालं. महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा 'पक्षी सप्ताह' पाळला जातो. ५ तारीख चितमपल्लींच्या जन्मदिवसाची आणि १२ तारीख पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सलीम अलींच्या जन्मदिवसाची. शाळेत हा सप्ताह साजरा करताना या तारखा का निवडल्या, हे आता तुम्ही सांगू शकाल.

काम तेच, पण अर्थ बदलत गेला

वनखातं आपल्याकडे इंग्रजांच्या काळात आलं. १८६४ मध्ये डीट्रिच ब्रँडिस हा जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ भारताचा पहिला वन महानिरीक्षक झाला. त्याआधी ब्रह्मदेशात सागाची मोजणी करताना तो हत्तीवर बसून जंगलातून फिरायचा आणि मोजलेल्या झाडांच्या खुणा लाकडाच्या तुकड्यांवर चाकूनं कोरायचा. कष्ट खरेच मोठे होते. पण ही मोजणी कशासाठी होती? जहाजांना आणि इमारतींना साग हवा होता. पुढे रेल्वेच्या रुळांखाली घालायला स्लीपर हवे होते. म्हणजे जंगल हे लाकडाचं कोठार, आणि वनाधिकारी त्या कोठाराचा हिशेबनीस.

स्वातंत्र्यानंतर हळूहळू ही नजर बदलली. १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला. १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. कैलास सांखला हे राजस्थानचे वनाधिकारी त्याचे पहिले संचालक. सुरुवातीच्या ९ व्याघ्र प्रकल्पांत आपलं मेळघाट होतं. १९८० मध्ये वनसंवर्धन कायदा आला आणि जंगलाची जमीन दुसऱ्या कामाला वापरण्यावर बंधनं आली. २००६ मध्ये वनहक्क कायदा आला. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये त्याखाली सामूहिक वनहक्क मिळाले आणि गावच आपल्या जंगलाचा कारभार पाहू लागलं.

मित्रांनो, या बदलाचा विचार करा. १९७० मध्ये नोकरीला लागलेल्या माणसानं आधी झाडं तोडून विकण्याचं नियोजन शिकलं. मग झाडं वाचवण्याचं, मग वाघ मोजण्याचं, आणि शेवटी गावकऱ्यांसोबत बसून निर्णय घेण्याचं. एकाच नोकरीत चार वेळा नव्यानं शिकावं लागलं. ज्याला जुनं सोडून नवं शिकता आलं, त्याचा अनुभव कामी आला. "आमच्या वेळी असं नव्हतं" म्हणत बसलेल्याचा नाही.

जंगलाबाहेरचं जंगल

तुम्ही म्हणाल, सर, हे सगळं किनवट-मेळघाटचं झालं. आमच्याकडे काय?

एक खरी गोष्ट सांगतो. २०१९ च्या जूनमध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातून एक तरुण वाघ बाहेर पडला. त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर होती, त्यामुळे तो कुठं आहे हे उपग्रहामार्फत कळत होतं. तेलंगणाचा आदिलाबाद, मग विदर्भ-मराठवाड्याची शिवारं, नाले, रस्ते ओलांडत तो बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. सुमारे नऊ महिन्यांत तो ३,००० किलोमीटरहून जास्त चालला! तो शोधत होता स्वतःचं क्षेत्र आणि जोडीदार.

आता कल्पना करा. उभ्या पिकाच्या रानातून वाघ चाललाय. गावात बातमी पोचली की गर्दी जमते, मोबाइल निघतात, कुणी काठ्या घेऊन धावतं. अशा वेळी वनखात्याच्या माणसाचं काम वाघ हाकलण्याचं नसतं, माणसांना शांत ठेवण्याचं असतं. "दोन दिवस एकट्यानं शेतात जाऊ नका, जनावरं आत बांधा, गर्दी करू नका, तो पुढे निघून जाईल." एवढंच सांगायचं असतं, पण ते ऐकलं जाण्यासाठी सांगणाऱ्याची पत लागते. ती पत वर्षानुवर्षांच्या ओळखीतून येते.

वाघ रोज येत नाही. रोही, रानडुक्कर आणि हरणं मात्र येतात. रात्रीतून पीक लोळवलं जातं, शेतकरी सकाळी कपाळाला हात लावतो. मग वनरक्षक येतो, पंचनामा करतो, भरपाईचे कागद करतो. शेतकऱ्याचा राग पहिल्यांदा त्याच्यावरच निघतो. तो राग ऐकून घेणं हेही त्याच्या कामात येतं. विहिरीत पडलेलं जनावर काढणं, साप पकडणाऱ्याला बोलावणं, रोपवाटिकेत रोपं तयार करणं, रस्त्याकडेची, गायरानावरची झाडं जगवणं, हीही याच क्षेत्रातली कामं. महाराष्ट्रात सामाजिक वनीकरणासाठी १९८२ पासून स्वतंत्र विभाग सुरू झाला, तो याच गरजेतून. वनविभागाची मदत हवी असेल तर '१९२६' हा हॅलो फॉरेस्टचा क्रमांक वहीत लिहून ठेवा.

या कामाची किंमत

हे काम धोक्याचंही आहे. २० नोव्हेंबर २०२१ ला ताडोबात वनरक्षक स्वाती ढुमणे आपल्या मदतनिसांबरोबर पायी चालत व्याघ्रगणनेसाठी खुणांची नोंद घेत होत्या. त्या वेळी वाघिणीनं केलेल्या हल्ल्यात त्यांचा मृत्यू झाला. त्या गणनेचे आकडे पुढे जाहीर झाले : देशात सुमारे ३,६८२ वाघ, महाराष्ट्रात ४४४. हे आकडे आपण स्पर्धा परीक्षेसाठी पाठ करतो. ते पाठ करताना ती पायवाट आठवायला हवी.

दरवर्षी ११ सप्टेंबरला 'राष्ट्रीय वन शहीद दिन' पाळतात. १७३० मध्ये राजस्थानातल्या खेजडली गावात खेजडीची झाडं वाचवताना बिश्नोई समाजाच्या माणसांनी प्राण दिले, त्याची आठवण या दिवसामागे आहे.

ज्ञान निवृत्त होतं तेव्हा

आता या पाठातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा.

सरकारी नियमानुसार अधिकाऱ्याची एका जागेवरची सर्वसाधारण मुदत तीन वर्षांची असते. जंगलाचं वेळापत्रक मात्र वेगळं आहे. साग तोडणीला यायला कित्येक दशकं लागतात. जंगलाची 'कार्य आयोजना', म्हणजे कुठं काय करायचं याचा आराखडा, साधारण दहा वर्षांसाठी केला जातो. म्हणजे आराखडा एकानं करायचा, काम दुसऱ्यानं, आणि परिणाम तिसऱ्यानं बघायचा!

मग सलग माहिती कुणाकडे असते? ती असते वर्षानुवर्षं त्याच भागात राबलेल्या वनमजुराकडे, जुन्या वनरक्षकाकडे, गावातल्या म्हाताऱ्या माणसांकडे. मे महिन्यात कोणता झरा आटत नाही, अस्वल कोणत्या नाल्यानं उतरतं, पूर्वी कोणतं झाड होतं आणि आता दिसत नाही, हे त्यांना तोंडपाठ असतं. आज कॅमेरा ट्रॅप आलेत, उपग्रहाची चित्रं आलीत, मोबाइलवर गस्तीची नोंद होते. ही साधनं उत्तम आहेत. पण कॅमेरा कोणत्या झाडाला बांधायचा, हे अजूनही तो जुना माणूसच दाखवतो.

असा माणूस निवृत्त होतो तेव्हा शाल-श्रीफळ मिळतं, फोटो निघतो, आणि ती सगळी माहिती त्याच्याबरोबर घरी जाते. चितमपल्लींचं मोठेपण इथं आहे. त्यांनी माहिती घरी जाऊ दिली नाही, ती लिहून ठेवली. सगळ्यांनाच पुस्तक लिहिता येणार नाही. पण रोजची दैनंदिनी नीट लिहिणं, नव्या मुलाला सोबत घेऊन बीट फिरवून दाखवणं, गावातल्या जाणत्यांना बैठकीला बोलावणं, एवढं झालं तरी जंगलाची आठवण पुढच्या पिढीकडे पोचते.

तुम्हाला यायचं असेल तर

या क्षेत्राचे मुख्य रस्ते थोडक्यात सांगतो. नियम बदलतात, म्हणून त्या त्या वर्षाची जाहिरात स्वतः वाचा.

१. वनरक्षक : साधारण बारावी उत्तीर्ण, ठरलेल्या विषयांसह. काही गटांना शिक्षणात सवलत असते. लेखी परीक्षा, शारीरिक मोजमाप, धावणं असतं. चालण्याची चाचणीही असते. पुरुषांना ४ तासांत २५ किलोमीटर, महिलांना ४ तासांत १६ किलोमीटर. शाळेत चालत येणाऱ्यांनो, तुमची तयारी आधीच सुरू आहे!

२. वनपरिक्षेत्र अधिकारी आणि सहायक वनसंरक्षक : महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची वनसेवा परीक्षा.

३. भारतीय वनसेवा : केंद्रीय लोकसेवा आयोगाची परीक्षा. ठरावीक विज्ञान विषय, कृषी, वनशास्त्र किंवा अभियांत्रिकी अशी पदवी लागते. निवड झाल्यावर देहरादूनला प्रशिक्षण.

४. वनशास्त्राची पदवी : आपल्या राज्यात दापोली आणि अकोला इथल्या कृषी विद्यापीठांत वनशास्त्राचं शिक्षण मिळतं. त्यातून संशोधन, रोपवाटिका, संस्थांमधलं काम अशाही वाटा निघतात.

परीक्षेची तयारी दहावी-बारावीनंतर होईल. पण बघायची सवय आजपासून लावता येते, आणि तिला फी लागत नाही.

स्वाध्याय

१. 'न लागलेली आग' म्हणजे काय? तुमच्या घरात किंवा गावात कोण असं न दिसणारं काम करतं? पाच ओळी लिहा.

२. जाळरेषा, नियतक्षेत्र, सारंगागार, कार्य आयोजना या शब्दांचे अर्थ स्वतःच्या भाषेत लिहा.

३. अधिकाऱ्याची बदली आणि जंगलाचं ज्ञान यांचा संबंध काय? बदल्या होणं गरजेचं का असतं, याचीही बाजू मांडा.

४. उपक्रम : घरातल्या आजी-आजोबांना किंवा गल्लीतल्या ज्येष्ठ माणसाला विचारा : "तुमच्या लहानपणी आपल्या शिवारात कोणती झाडं आणि पाखरं होती, जी आता दिसत नाहीत?" त्यांनी सांगितलेली नावं त्यांच्याच बोलीत, जशीच्या तशी लिहा. ती झाडं नेमकी कुठं होती, तेही विचारा. सोमवारी वही घेऊन या. सगळ्यांच्या नोंदी एकत्र करून आपण आपल्या शिवाराची यादी बनवू.